माथेरानच्या पायवाटा : विहार, श्रम आणि संरक्षण यांचा इतिहास

प्रस्तावना

गिरिस्थानांचा इतिहास लिहिताना बंगले, रेल्वे आणि गव्हर्नरांच्या भेटी यांची नोंद आवर्जून घेतली जाते. ज्या वाटांवरून माणसे प्रत्यक्ष चालली त्या वाटांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. माथेरान हे या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण आहे. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील हे ठिकाण मोटारवाहनांना असलेल्या बंदीमुळे प्रसिद्ध आहे. तांबड्या जांभ्या मातीच्या वाटा, जांभूळ, हिरडा व अंजनीच्या झाडांची सावली आणि शार्लोट तलावाचा काठ हीच या स्थळाची ओळख होय. या वाटा कोणी वापरल्या, कोणासाठी आखल्या गेल्या आणि कोणाच्या श्रमावर टिकल्या, या तीन प्रश्नांच्या आधारे माथेरानच्या इतिहासाचा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

'शोधा'पूर्वीच्या वाटा

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी मे १८५० मध्ये माथेरानचा 'शोध' लावला, असे सर्वत्र लिहिले जाते. ते चौकच्या बाजूने डोंगर चढले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. येथे एक साधा प्रश्न उपस्थित होतो. चढायला एक आणि उतरायला दुसरी वाट उपलब्ध होती, याचा अर्थ डोंगर निर्जन वा अगम्य नव्हता. ठाकूर, कातकरी आणि धनगर समाजांचा या डोंगराशी व त्याच्या पायथ्याशी जुना संबंध होता. गुरे चारणे, मध, लाकूडफाटा व रानातील इतर उपज गोळा करणे, पायथ्याच्या गावांशी देवाणघेवाण करणे यांसाठी लोकांचा राबता होता. 'माथ्यावरचे रान' हा या नावाचा रूढ अर्थसुद्धा पायथ्याकडून वर पाहणाऱ्या माणसाचा आहे. मॅलेट यांच्या आगमनाने घडले ते एवढेच की, उपजीविकेच्या वाटांना विहाराच्या वाटांचे रूप येण्यास प्रारंभ झाला.

विहाराची आखणी

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (कार्यकाळ १८५३–१८६०) यांनी माथेरानमध्ये रस घेतल्यावर या स्थळाला प्रतिष्ठा लाभली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५० च्या दशकात डोंगराच्या पायथ्याजवळून गेल्याने नेरळ हे प्रवेशद्वार बनले. डोंगरकड्यांच्या टोकांपर्यंत वाटा काढण्यात आल्या, त्या टोकांना 'पॉइंट' म्हटले जाऊ लागले आणि बहुतेकांना इंग्रजी नावे मिळाली : लुइसा, अलेक्झांडर, गार्बट, पॅनोरमा. रामबाग, चौक आणि 'शिवाजीची शिडी' अशी मोजकी देशी नावे तेवढी टिकली. तलावालाही शार्लोट हे नाव मिळाले. त्याच्या काठावरील पिसारनाथाचे मंदिर मात्र स्थानिकांच्या ग्रामदैवताचे स्थान म्हणून कायम राहिले. एकाच काठावरची ही दोन नावे दोन स्वतंत्र स्मृतिपरंपरांची द्योतक आहेत.

हा तलाव निव्वळ निसर्गदत्त नाही. बांध घालून अडवलेले ते पाणी आहे आणि वस्तीची तहान भागवणे हा त्याचा हेतू होता. आज ज्याकडे आपण निसर्गरम्य काठ म्हणून पाहतो, तो वस्तुतः पाणीपुरवठ्याच्या गरजेतून घडला आहे. सभोवतालच्या झाडीचे रक्षण हेसुद्धा पाणी आणि सावली या दोन गरजांशी निगडित होते.

डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ साली माथेरानवर लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकात डोंगरावरील माणसे, वनस्पती आणि प्राणी यांचा एकत्र उल्लेख आहे. वसाहतकालीन दृष्टी स्थानिक माणसाला निसर्गवर्णनाच्या एकाच चौकटीत कशी बसवत होती, याचे हे शीर्षक बोलके उदाहरण ठरते. याच काळात वनकायद्यांची पकड घट्ट होत होती. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत जंगलावरील हक्कांविषयी एवढा असंतोष माजला की, सरकारला १८८५ साली चौकशी आयोग नेमावा लागला. ज्या रानात पाहुण्याने मोकळेपणी फिरावे अशी व्यवस्था होत होती, त्याच रानात स्थानिकाच्या कोयत्यावर निर्बंध येत होते. विहाराचा विस्तार आणि वहिवाटीचा संकोच या दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी चालू होत्या.

चालणारे आणि वाहणारे

नेरळहून वर येणारा प्रत्येक पाहुणा पायी येत नसे. तट्टू, पालख्या आणि हमाल हे या प्रवासाचे मुख्य आधार होते. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेली दोन फूट रुंदीची छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली आणि चढणीचा भार बराच हलका झाला. सुमारे २० किलोमीटरच्या या मार्गाने माणसांना माथ्यावर आणले खरे. परंतु स्थानकापुढचा प्रवास घोडा, हमाल आणि माणसाने ओढावयाची रिक्षा यांवरच अवलंबून राहिला. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने रेल्वेमार्गाचे मोठे नुकसान झाले व ती २००७ पर्यंत बंद राहिली, तेव्हा हे अवलंबन अधिकच ठळक झाले.

या श्रमिक माथेरानातून एक वेगळा इतिहासही घडला. विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि १९४२ च्या आंदोलनात भूमिगत राहून त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. या दस्त्याला कर्जत-मुरबाडच्या रानांनी आसरा दिला. सत्ताधाऱ्यांनी विरंगुळ्यासाठी निवडलेल्या डोंगराच्या परिसरातील रानवाटा अशा रीतीने त्याच सत्तेविरुद्धच्या लढ्याच्या वाटा झाल्या. 'पॉइंटां'च्या यादीत मात्र या इतिहासाला अभावानेच स्थान मिळते.

संरक्षण आणि त्याची किंमत

केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व परिसराचे सुमारे २१५ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केले. पायी फिरण्याच्या परंपरेला यामुळे कायद्याचे संरक्षण लाभले. वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तेथून पुढे पायवाट सुरू होते. तथापि, गॅस सिलिंडर, धान्य, बांधकामाचे साहित्य, वृद्ध आणि आजारी माणसे यांनाही हीच वाट होती. शांततेचा व स्वच्छ हवेचा लाभ सर्वांना मिळत असला, तरी त्याचा शारीरिक भार मुख्यतः हातरिक्षा ओढणाऱ्यांनी व हमालांनी उचलला.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ई-रिक्षांच्या प्रायोगिक वापरास अनुमती दिली. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचे आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा उपलब्ध करून देण्याचे निर्देश दिले. त्याच निकालात दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य मार्गावर पेव्हर ब्लॉक बसवण्यास मुभा देताना अंतर्गत रस्ते आणि भटकंतीच्या वाटा त्यातून वगळण्यात आल्या. श्रमाचा रस्ता आणि विहाराची वाट यांतील भेद येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे न्यायनिर्णयात उमटला, असे म्हणता येईल.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, माथेरानच्या पायवाटा म्हणजे अस्पर्श निसर्गाचे अवशेष नव्हेत. उपजीविका, सत्ता, विरंगुळा, प्रतिकार आणि कायदा या सर्वांनी त्या घडवल्या आहेत. त्यांचे संरक्षण आवश्यकच आहे. जांभ्या मातीचा थर आणि त्यावरची झाडी एकदा गेली की सहजासहजी परत मिळत नाही. परंतु 'वाहनमुक्त' या शब्दाचा अर्थ 'श्रममुक्त' असा नाही, हे संरक्षणाची बाजू मांडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवे. पाहुण्याचे चालणे ऐच्छिक असते, ओझे वाहणाऱ्याचे नसते. इतिहासाने आजवर पहिल्याची नोंद ठेवली. गॅझेटियर आणि प्रवासवर्णने यांच्या जोडीला घोडेवाले, हमाल, रिक्षा ओढणारे आणि पायथ्याच्या वाड्यांतील ठाकूर-कातकरी यांच्या मौखिक आठवणी संकलित झाल्यास दुसऱ्याची नोंदही होऊ शकेल. हातरिक्षा ओढण्याचा अनुभव असलेली पिढी आज हयात आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम विनाविलंब हाती घेणे अगत्याचे आहे.