हाली आणि कलदार

कुकटपल्लीला मुलाकडे राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. गेल्या दिवाळीत सूनबाई बँकेचे दोन कागद घेऊन समोर बसली. "आई, तुमच्या पेन्शनवर कार्ड मिळतंय. एक कॅशबॅकचं, एक प्रवासाचं. प्रवासाचंच घ्या ना, विमानात बसाल!"

मला विमान नाही आठवलं. आठवला आजीचा पत्र्याचा डबा.

आजी जिंतूरची. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि त्या राज्याचं नाणं वेगळं, हाली शिक्का. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. साधारण ७ हाली दिले की ६ कलदार मिळायचे. १९१८ पासून हैदराबादच्या स्वतःच्या नोटाही निघाल्या. गजपंथाच्या यात्रेला निघायचं म्हणजे परभणीहून छोट्या रुळांची गाडी मनमाडपर्यंत. मनमाड इंग्रजी हद्दीत. तिथे रूळ बदलायचे, गाडी बदलायची आणि नाणंही बदलायचं. वर सावकाराचा बट्टा. आजी म्हणायची, "हाली घरात राजा गं, मनमाडला भिकारी!"

ती यात्रेसाठी पैसे साठवत राहिली. घरखर्चातून वाचवलेले, कुणाला न सांगता. १९४८ ला संस्थान गेलं. १९५० मध्ये भारतीय रुपया हालीबरोबर चालू झाला, १९५१ मध्ये हाली काढणं थांबलं, १९५९ मध्ये तिची मान्यताच गेली. हे सगळं बाजारात फिरणाऱ्या पुरुषांना कळत होतं. स्वयंपाकघरातल्या डब्याला कोण सांगणार? आजी गेल्यावर आम्ही डबा उघडला, तर तळाशी हाली नोटांची घडी. गजपंथ राहूनच गेला.

आता कार्डाचं बघा. १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लब निघाला, १९६१ मध्ये तो आपल्याकडे आला. आपल्या बँकांपैकी सेंट्रल बँकेने १९८० मध्ये पहिलं कार्ड काढलं. अमेरिकेत १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सने विमानाच्या मैलांचा हिशेब ठेवायला सुरुवात केली आणि १९८७ ला सिटीबँकेच्या कार्डाला ते मैल जोडले. दरम्यान १९८६ ला डिस्कव्हर कार्डाने खर्चातले थोडे पैसेच परत द्यायला सुरुवात केली. म्हणजे सूनबाईच्या हातातले दोन कागद चाळीस वर्षांचे सवतीभाऊच. आणि त्याच अमेरिकेत १९७४ चा कायदा होईपर्यंत बाईला स्वतःच्या नावावर उधारी मागताना नवऱ्याची सही मागितली जायची, हेही लक्षात ठेवावं.

आपल्या समाजाला उधारीचा कागद नवा नाही. मुर्शिदाबादचे जगत्सेठ ओसवाल जैन. बंगालचा महसूल त्यांच्या हुंडीने दिल्लीला पोचायचा. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे, मुदतीची ठरल्या दिवशी. कार्ड हे मुदतीच्या हुंडीचंच नातवंड. पेढीवाला हुंडणावळ घ्यायचा, बँक दुकानदाराकडून टक्का घेते. त्यातलाच तुकडा आपल्याला बक्षीस म्हणून मिळतो. बाकीचं येतं ते बिल वेळेवर न भरणाऱ्यांच्या व्याजातून, आणि ते महिन्याला तीन-साडेतीन टक्के असतं. मुदत चुकवायची असेल तर दोन्ही कार्डं नकोत, हे मी सूनबाईला आधी सांगितलं.

मग वही काढली. माझा कार्डावरचा खर्च महिन्याला २५,००० धरला: किराणा, औषधं, वीजबिल. वर्षाचे ३,००,०००. पहिल्या कागदावर १ टक्का परत, म्हणजे ३,०००; वार्षिक फी ५०० वजा, हातात २,५००. दुसऱ्यावर शंभराला २ पॉइंट, म्हणजे ६,०००. विमानाला वापरले तर पॉइंटला ५० पैसे, ३,००० रुपये. फीसुद्धा ३,०००! भांडीकुंडी घेतली तर पॉइंटला २० पैसेच, म्हणजे १,२००. वर पॉइंटला मुदत, आणि भाव बँक कधीही बदलणार.

"अगं, ही तर हाली!" मी म्हणाले. त्यांच्या राज्यातच चालणारी, बट्टा त्यांनीच ठरवायचा. वर्षाला दहा वेळा विमानाने जाणाऱ्याला ती परवडेल, कारण तो त्या राज्यातच राहतो. माझ्या मुलाला कदाचित फायद्याची ठरेल. मला कलदार बरा.

सूनबाई हसली, पण एक प्रश्न तिने नेमका विचारला. "आई, पण परत आलेले पैसे किराण्यातच जाणार ना? प्रवासाचं कार्ड असतं तर निदान तुम्ही गेला असता."

खरं होतं ते. बायकांच्या हातात परत आलेला पैसा घराचाच होतो, बाईचा उरत नाही. आजीने डबा लपवला तो त्याचसाठी. मी वेगळं खातं काढलं, माझ्या एकटीच्या नावाचं. दर तीन महिन्यांनी कॅशबॅक तिकडे जातो आणि मुलाला, सुनेला त्याचा आकडा माहीत असतो. लपवायचं नाही, म्हणजे चलन बदललं तर कुणीतरी सांगेल. खर्चाची मर्यादा मात्र बँकेने दिलेली नाही, मी घातलेली: २५,०००. परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलेल्या बाईला बँकेच्या लाखाच्या मर्यादेचं काय कौतुक!

आतापर्यंत दोन वेळा ७५० जमा झाले. काचीगुडाहून मनमाडपर्यंत रेल्वेने जाता येतं. आता वाटेत नाणं बदलावं लागत नाही.