गाठ आहे, पण कुठे?

हाडांच्या दुखण्यावर आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोलतो. आज त्याच दुखण्याचा थोडा इतिहास ऐकू या. गोष्ट अमेरिकेतली आहे आणि एका पुरुषाची आहे. पण हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, त्यातही पाळी गेल्यानंतर. म्हणून ती आपल्या कामाची.

चार्ल्स मार्टेल हे व्यापारी जहाजावरचे कप्तान. सहा फूट उंच, धडधाकट गडी. 1918 नंतर त्यांची हाडं दुखू लागली, मग जराशा धक्क्याने मोडू लागली. मुतखडे होऊ लागले. पाठीचे मणके दबत गेले आणि उंची सुमारे 7 इंचांनी कमी झाली. 1926 मध्ये रक्त तपासलं तर कॅल्शियम फार वाढलेलं. डॉक्टरांनी कारणही ओळखलं: पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असावी.

ही ग्रंथी कोणती? आपल्या मानेत थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार ग्रंथी असतात, त्या पॅराथायरॉइड. (गंमत म्हणजे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याची चिरफाड करताना रिचर्ड ओवेन यांनी ही ग्रंथी पहिल्यांदा नोंदवली. माणसातली नंतर सापडली.) तिच्यातून पाझरणारं हार्मोन रक्तातलं कॅल्शियम सांभाळतं. एखाद्या ग्रंथीची गाठ झाली की हार्मोन वाहतच राहतं आणि हाडातलं कॅल्शियम निघून रक्तात येत राहतं. कणगीतलं धान्य कमी होतंय हे दिसावं, पण भोक कुठे ते सापडू नये, तसं हे दुखणं.

मार्टेल यांच्या मानेवर एकामागून एक सहा ऑपरेशनं झाली, बोस्टनला आणि न्यूयॉर्कला. गाठ मिळेना. शेवटी या गड्याने स्वतः शरीररचनेची पुस्तकं वाचली आणि आता छातीत बघा म्हणून आग्रह धरला. बाळ गर्भात असताना या ग्रंथी वरून खाली सरकत येतात, आणि एखादी थांबायच्या जागी न थांबता छातीत उतरते. 1932 च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सातवं ऑपरेशन झालं. गाठ छातीतच होती, सुमारे 3 सेंटीमीटरची. पण तोवर मूत्रपिंडं खराब झाली होती. पुढे सहाएक आठवड्यांत मुतखडा अडकला आणि त्या दुखण्यात मार्टेल गेले.

आम्हाला यात लागतं ते हे, की निदान बरोबर होतं. सहा वर्षं माणूस हातात होता. फक्त शोधायला सुरीशिवाय काही नव्हतं.

पुढची वाट एका बाईने उघडली. न्यूयॉर्कच्या रोझलिन यालो. भौतिकशास्त्र शिकायचं होतं, तर बाईमाणसाने आधी सेक्रेटरीचं काम धरावं म्हणून लघुलेखन शिकायला लावलं. पुढे इलिनॉय विद्यापीठात जागा मिळाली तेव्हा चारशे शिक्षकांत त्या एकट्या बाई. त्यांनी सॉलोमन बर्सन यांच्यासोबत किरणोत्सारी आयोडीन वापरून रक्तातलं अगदी नखभर हार्मोन मोजायची पद्धत काढली. आधी इन्सुलिन मोजलं, 1963 मध्ये पॅराथायरॉइडचं हार्मोनही. पद्धतीचं पेटंट दोघांनी घेतलं नाही. 1977 मध्ये यालोंना नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते.

म्हणजे गाठ आहे का, हे रक्त सांगू लागलं. कुठे आहे, ते सांगायला दुसरं साधन हवं होतं. एक्स-रे आकार दाखवतो, पण एवढीशी गाठ मांसात मांसासारखीच दिसते. कॅलिफोर्नियात हॅल अँगर यांनी 1950 च्या दशकात गॅमा कॅमेरा बनवला. हा कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही. शिरेतून दिलेल्या औषधातून जे किरण बाहेर येतात ते टिपतो. सेस्टामिबी नावाचं असं एक औषध हृदयासाठी केलेलं होतं. 1989 मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांना दिसलं की ते पॅराथायरॉइडच्या गाठीतही साठतं. थायरॉइडमधून ते दोनेक तासांत ओसरतं, गाठीत मात्र टिकतं. म्हणून फोटो दोनदा काढतात. सगळ्या चुली विझल्यावर एकीत निखारा राहावा, तशी दुसऱ्या फोटोत गाठ दिसते, मानेत असो की छातीत.

अशाच युक्तीने इतर लपलेल्या गाठीही सापडू लागल्या. अ‍ॅड्रेनलिन सोडून रक्तदाब भडकवणारी गाठ 1981 मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी फोटोत पकडली. आतडं आणि स्वादुपिंडातल्या काही गाठींसाठीचा स्कॅन 1989 मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला निघाला.

सेस्टामिबीला टेक्नेशियम जोडतात. ते 6 तासांत निम्मं होतं, त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. दवाखान्यात मोलिब्डेनमची डबी असते. तिच्यात टेक्नेशियम तयार होत राहतं आणि रोज सकाळी ते काढून घेतात. जगभरचे तंत्रज्ञ त्या डबीला गाय म्हणतात आणि या कामाला धार काढणं! आपल्याकडे मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून आहे, आणि वाशीहून सरकारी संस्था अशी औषधं पुरवते.

आपल्या देशात हा आजार अजूनही पुष्कळदा हाडं मोडल्यावरच कळतो. हाडं सतत दुखत असतील, मुतखडा पुन्हापुन्हा होत असेल, किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, तर रक्तातलं कॅल्शियम तपासायचं का, असं डॉक्टरांना विचारा. तपासणी साधी आहे. स्कॅनचा नंबर त्यानंतर, रक्ताने आजार पक्का केल्यावर लागतो. लहान गाठ कधी स्कॅनलाही हुलकावणी देते. तेवढ्याने आजार नाही असं ठरत नाही. मग सोनोग्राफी किंवा दुसरा स्कॅन करतात. आणि स्कॅनला जाताना पोटात बाळ असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर सुई टोचायच्या आधी तिथल्या ताईंना सांगा. विचारलं नाही तरी सांगा.