डोक्यातल्या विचारांना मार्क: 26 वाक्यांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज एका फॉर्मची गोष्ट सांगतो.

ताप मोजायला थर्मामीटर आहे. पण 'मी जाड होईन' ही भीती दिवसभर डोक्यात फिरत असेल, तर ती कशाने मोजायची? 1870च्या दशकात लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या डॉक्टरांनी, जेवण सोडून खंगत जाणाऱ्या मुलींबद्दल लिहिलं. 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव गलचं. पण हातात होतं काय? वजनकाटा, आणि समोर बसून केलेली चौकशी.

मग 1979 मध्ये टोरंटोतल्या डेव्हिड गार्नर आणि पॉल गारफिंकेल यांनी 40 वाक्यांची प्रश्नावली छापली. ईटिंग अ‍ॅटिट्यूड्स टेस्ट, थोडक्यात 'ईट'. (नाव मुद्दामच जुळवलं असणार!) 1982 मध्ये तिची 26 वाक्यांची आवृत्ती आली. 14 वाक्यं उडवली, तरी दोन्हींच्या गुणांचा मेळ 0.98. असं रिफॅक्टरिंग मला एकदा तरी जमावं.

गुण कसे देतात? प्रत्येक वाक्यापुढे सहा पर्याय. 'नेहमी'ला 3, पुढच्याला 2, त्याच्या पुढच्याला 1 आणि 'कधीकधी'पासून 'कधीच नाही'पर्यंत सरळ 0. एका वाक्याचे गुण तेवढे उलटे. मला ते शून्य आवडतं. वजनाचा विचार अधूनमधून येणारच, तो मोजायचा नाही. सुटता सुटत नाही, तो मोजायचा. बेरीज 20 किंवा जास्त झाली, की त्या व्यक्तीशी कुणी जाणकाराने नीट बोलायचं. हे निदान नाही हं, फक्त घंटी.

आता ही घंटी आपल्याकडे आली. 1989 मध्ये मायकेल किंग आणि दिनेश भुगरा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींवर केलेला अभ्यास छापला, प्रश्नावली हिंदीत. 29 टक्के मुली रेषेच्या वर! म्हणजे जवळजवळ प्रत्येक तिसरी मुलगी आजारी? उत्तरं बघून संशोधकांनाच वाटलं, काही प्रश्न वेगळेच समजले गेले असावेत. यादीतली दोन वाक्यं घ्या. 'मी अन्नाचे छोटे तुकडे करते.' अरे, पोळी हाताने तोडूनच खातात ना! दुसरं, 'खाण्याच्या बाबतीत मी संयम ठेवते.' चतुर्थी, एकादशी, नवरात्र, सगळं करणारी माझी आजी इथे 3 पैकी 3 घेणार. दोन वाक्यांत 6 मार्क, आणि आजार काहीच नाही. आमच्या भाषेत फॉल्स पॉझिटिव्ह.

उलटा बग जास्त भयंकर आहे. 1993 मध्ये हाँगकाँगच्या सिंग ली आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅनोरेक्सियाच्या 70 रुग्णांबद्दल लिहिलं. त्यातल्या 41 जणांना जाड होण्याची भीतीच नव्हती. पोट फुगतं, भूक लागत नाही, असं ते सांगायचे. आजार मात्र खरा. 'वजन वाढण्याची धास्ती वाटते' या वाक्यापुढे असा माणूस 'कधीच नाही' म्हणणार, आणि खरंच बोलणार. फॉर्म म्हणणार, सगळं ओके! अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या निकषग्रंथाने 2013 मध्ये वाट मोकळी केली. भीती बोलून दाखवली नाही, तरी वजन वाढू न देणारं वागणं सतत दिसलं तर तो निकष पुरा होतो.

हे वाचताना मला हॉस्टेलची मेस आठवली. एक मित्र रोज 'पोट जड आहे रे' म्हणत ताट सरकवायचा. शर्ट ढगळ होत गेले. 'तुला जाड व्हायची भीती वाटते का?' असं विचारलं असतं, तर तो हसलाच असता. आम्ही त्याला अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणून द्यायचो. सेमिस्टर संपायच्या आत त्याचे वडील येऊन त्याला घरी घेऊन गेले.

असं कुणी आठवलं, किंवा स्वतःचंच काही वाटलं, तर टेली-मानसचा नंबर 14416. फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. भेटू पुढच्या भागात!