सीआरपी नावाचा आकडा

आत्या वृद्धाश्रमातून न्यूमोनिया घेऊन रुग्णालयात आली, तेव्हा तिच्या रिपोर्टवर सीआरपीपुढे १४८ हा आकडा होता. शेजारी छापले होते : नॉर्मल १०च्या आत. "जास्त आहे, बघू या," एवढेच डॉक्टर म्हणाले. हा आकडा आला कुठून, हे मी तिच्या उशाशी बसून शोधू लागलो. वैद्यकाचे शिक्षण मला नाही. जुने शोधनिबंध चाळायची खोड मात्र आहे.

गोष्ट १९३०ची, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयातली. ओस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत तेव्हा न्यूमोकोकस या जंतूचा कसून अभ्यास चालला होता. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी जंतूच्या शरीरातून एक अंश वेगळा काढला, त्याला 'सी' हे अक्षर दिले आणि न्यूमोनियाच्या रुग्णांच्या सीरममध्ये तो मिसळून पाहिला. तळाशी साका बसला. यात नवल नव्हते. जंतूविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते हे ठाऊकच होते. पण प्रतिपिंडे रोगी बरा होताना वाढतात, आणि इथे तर ताप उतरला की साका बसेनासा होई. शिवाय इतर काही जंतूंच्या आजारांतही तो बसे. म्हणजे ही प्रतिपिंडे नव्हेतच. ते एक वेगळेच प्रथिन असल्याचे १९४१मध्ये एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे नाव रूढ झाले. तीनच वर्षांनी याच प्रयोगशाळेने आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए असल्याचा पुरावा दिला. त्यापुढे सीआरपीची गोष्ट मागे पडली, असे मला वाटते. (टिलेट यांनी पुढे स्ट्रेप्टोकायनेज शोधले; हृदयविकाराच्या झटक्यात दिले जाणारे इंजेक्शन, तेच.)

हे प्रथिन यकृतात तयार होते आणि रक्तातले त्याचे प्रमाण साधारण १९ तासांत निम्मे होते. म्हणून ते आज पेटलेली आग सांगते. ती सोसायला घरात काय शिल्लक आहे, हे सांगत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत खरा प्रश्न तोच असतो. न्यूमोनियाला वृद्धांचा मित्र म्हणणारे विल्यम ऑस्लर स्वतः १९१९मध्ये सत्तराव्या वर्षी त्याच आजाराच्या गुंतागुंतीने गेले.

हा प्रश्न अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात ३६ शुश्रूषागृहांमध्ये थेट विचारला गेला. १०४४ रहिवासी, छातीच्या संसर्गाचे १४०६ प्रसंग. त्यांतल्या सुमारे १५ टक्क्यांत तीस दिवसांच्या आत मृत्यू. २००१मध्ये निष्कर्ष छापून आले. कोण दगावेल याचा अंदाज देणाऱ्या आठ गोष्टी निघाल्या. तीन रक्तातल्या : युरिया, पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या लिम्फोसाइट्सची घट. मग नाडीचा वेग, उंचीच्या मानाने वजन, पुरुष असणे, रोजची कामे स्वतःची स्वतः करता येणे-न येणे. आठवी वाचून मी थबकलो : आधीच्या नव्वद दिवसांत मनःस्थिती खालावलेली असणे.

आत्याचा युरिया रिपोर्टवर होता, वाढलेला. आठवी गोष्ट वृद्धाश्रमातल्या मावशींना विचारावी लागली. "गणपतीपासून त्या जेवायला खालीच येत नव्हत्या," त्या म्हणाल्या. "काय होतंय विचारलं, तर काही नाही म्हणायच्या."

आत्या नवव्या दिवशी गेली. आदल्या संध्याकाळचा सीआरपी २२ होता.