प्रकाशातून आलेला शब्द

'पोलराइझ' हे इंग्रजी क्रियापद मी शिकलो ते शाळेत, प्रकाशाच्या धड्यात. पुढे वर्तमानपत्रात तेच 'समाजाचे दोन विरोधी गट पाडणे' या अर्थाने दिसू लागलं. उजेडाचा आणि भांडणाचा काय संबंध? म्हणून जरा मुळाशी गेलो.

प्रकाशाच्या संदर्भात हा शब्द आणला एत्येन लुई मालुस या फ्रेंच अभियंत्याने. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत गेलेला, प्लेगमधून वाचलेला हा माणूस. १८०८ साली पॅरिसमधल्या आपल्या घरातून तो आइसलँड स्पार नावाच्या स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्या बघत होता. काचांवर मावळतीचं ऊन होतं. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे १६६९ पासून ठाऊक होतं. पण मालुसने स्फटिक फिरवला तशी एक फिकी पडली, दुसरी उजळली. रात्री मेणबत्तीचा उजेड पाण्यावरून, काचेवरून परावर्तित करून पाहिला, तर ठरावीक कोनात एक प्रतिमा चक्क गायब!

मालुसला वाटलं, प्रकाशाच्या कणांना लोहचुंबकासारखे ध्रुव असावेत. म्हणून १८११ मध्ये हे नाव पडलं. १८१२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी तो क्षयाने गेला. १८२१ मध्ये फ्रेनेलने मांडलं की प्रकाश ही आडवी कंपणारी लहर आहे. म्हणजे ध्रुव वगैरे काही नव्हतेच! कल्पना गेली, शब्द राहिला, आणि पुढे राजकारणाने तो उचलला.

गंमत बघा, साध्या उजेडात सगळ्या दिशांची कंपनं असतात. काचेवर ठरावीक कोनात आपटून आला की त्यातली एकच दिशा उरते. बाकीच्या मुळात नव्हत्या असं नाही, त्या आपल्यापर्यंत पोचत नाहीत.

आमच्या नात्यातल्या दोघांचं बोलणं एका निवडणुकीपासून बंद आहे. दोघंही एकाच विहिरीत पोहायला शिकले, दोघंही नाट्यसंगीताचे वेडे. आता एकमेकांना त्यांचं फक्त मत दिसतं. मराठीत आपण याला ध्रुवीकरण म्हणतो, आणि आपला ध्रुव तर अढळ! त्यामुळे माणसं कायमचीच तशी झाली, असं उगाच वाटत राहतं.

येत्या दिवाळीला दोघांनाही फराळाला बोलावणार आहे. हे वाचून कोणी त्यांना आधी सांगू नका म्हणजे झालं.