कोळशाची साक्ष

दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज यांचा जन्म १९५५ साली जोहान्सबर्ग येथे झाला. वडील सिडनी केंट्रिज हे नामांकित वकील. पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू पावलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाची बाजू १९७७ च्या चौकशीत त्यांनी मांडली होती. पुत्राने साक्षीपुराव्याचा हा वारसा निराळ्या मार्गाने चालविला. राज्यशास्त्र, पॅरिसमधील मूकाभिनयाचे शिक्षण, रंगभूमी अशी वळणे घेत तो कोळशाच्या रेखाटनापाशी स्थिरावला. १९८९ पासूनच्या त्यांच्या चलच्चित्रांची रीत अशी : एकाच कागदावर आकृती काढावयाची, तिचे छायाचित्र घ्यावयाचे, थोडे खोडून पुन्हा काढावयाचे. कोळसा मात्र पुरता पुसला जात नाही. गेलेल्या आकृतीची करडी छाया मागे उरते. ‘फेलिक्स इन एक्झाइल’ (१९९४) या कृतीत रक्तबंबाळ देहांवर वर्तमानपत्रांचे कागद पसरतात आणि ते देह माळरानात विरून जातात. सर्व वर्णांना मताधिकार देणारी पहिली निवडणूक तेव्हा तोंडावर आली होती, आणि नव्या राष्ट्राला विसरण्याची घाई होणे स्वाभाविक होते. १९९७ च्या ‘उबू अँड द ट्रुथ कमिशन’ या त्यांनी दिग्दर्शित केलेल्या नाटकात तर आयोगापुढील साक्षी लाकडी बाहुल्या देतात. ही योजना प्रथमदर्शनी निष्ठुर वाटते खरी. परंतु परक्याचे दुःख नटाने आपलेच म्हणून रंगविण्यापेक्षा ती अधिक प्रामाणिक होय.