पलीकडचं माहेर

पुणे-सोलापूर हमरस्ता सोडून जुन्या पळसदेवकडे गाडी उतरवायची, तर एक पथ्य पाळावं लागतं: ट्रॅक्टरची चाकोरी सोडायची नाही. उजनीचं पाणी ओसरलं की वरची माती भेगाळते, पण खालचा गाळ ओलाच असतो. चुलतभाऊ बोलेरो सांभाळून हाकत होता. चाकांखाली शिंपले कडकड फुटत होते. दोन्ही अंगांना मोटारींचे पाइप आणि केबली, हटत्या पाण्याचा माग काढत गेलेल्या.

२०२४च्या उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये गेलं होतं. म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला होता. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यात निम्म्याहून अधिक मृतसाठाच, त्यामुळे मायनसमध्येही पाणी नजरेत मावत नाही. पण एरवी नुसतं शिखर दाखवणारं पळसनाथाचं देऊळ तेव्हा पायथ्यापर्यंत उघडं पडलं होतं. आवारात वीरगळ: खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. आत्या तिथं टेकली. “हितंच बसून बोरं खायचो आम्ही,” म्हणाली, आणि मग गावापेक्षा नदीबद्दलच बोलत राहिली.

आजीचं माहेर नदीपलीकडे, करमाळा तालुक्यात. उन्हाळ्यात भीमेला जेमतेम गुडघाभर पाणी. आखाजीला आजीचा भाऊ मुराळी म्हणून यायचा, तो उतारावरून चालत. सकाळी निघालेली आजी दुपारच्या भाकरीला माहेरी. पावसाळ्यात नाव. दोन्ही काठांच्या सोयरिकी अशाच जुळायच्या, कारण पलीकडचं गाव पोरीच्या बापाला लांब वाटायचं नाही.

१९६६ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. धरण तिकडे माढा तालुक्यात. एवढ्या लांबून पाणी मागं येऊन आपल्या उंबऱ्याला लागेल, हे आजोबांच्या पिढीला पटलंच नाही. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये, तोवर कितीतरी गावांची उठाउठ सुरू झाली होती. १९८०ला धरण पुरं झालं. पळसदेव हमरस्त्याकडे सरकलं, देवही वर नेला. रेल्वेलासुद्धा आपली वाट बदलावी लागली. डिकसळचा तिचा इंग्रजी अमदानीतला पूल मग माणसांच्या कामी आला. आजी माहेरी जायची ती त्यावरून, भलामोठा वळसा घालून. पुढंपुढं तिचं जाणं लग्नाकार्यापुरतं, नंतर मयतीपुरतं उरलं.

तरी आमच्या घरात धरणाला शिव्या ऐकल्याचं आठवत नाही. वरच्या माळावर चुलत्यांनी ऊस लावला, तो याच पाण्यावर. गाव बुडवणाऱ्या पाण्यानंच पोरांची शिक्षणं केली. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेरही करतात. त्यामुळे आमच्याकडे नुकसान झालेला आणि फायदा झालेला अशी दोन माणसं वेगळी काढता येत नाहीत.

भावानं विचारलं, “आत्ये, मग काय, धरण नको व्हतं का?”

“नको कशाला? पाण्याबिगर काय दिवस काढले ते माझं मला ठावं. पर मोजायला आले त्यांनी जमीन लिवली, घर लिवलं, हिर लिवली, झाडं लिवली. उतार न्हाई लिवला कुणी.”

उताराला सातबारा नव्हता. नुकसानभरपाई जमीनमालकाला मिळाली. माहेर लांब गेलेल्या बायकांचं नाव कुठल्याच यादीत बसत नव्हतं.